घाबरलेल्या पक्ष्याचा विश्वास कसा मिळवायचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरली की मुलांकडे सांगायला खूप काही असतं. मामाचं गाव, लग्नं, जत्रा, आणि दरवर्षी एक-दोघांच्या घरी आलेला नवीन पक्षी. "मॅडम, आम्ही लव्हबर्डची जोडी आणली!" हे सांगताना चेहरा फुललेला असतो. पंधरा दिवसांनी तेच मूल विचारतं, "मॅडम, तो हातावर का येत नाही? जवळ गेलं की नुसता धडपडतो." तोपर्यंत घरात सगळ्यांचे सल्ले देऊन झालेले असतात. कोणी म्हणतं पंख कापा, कोणी म्हणतं एक दिवस उपाशी ठेवा, कोणी म्हणतं रोज थोडा वेळ मुठीत धरून बसा म्हणजे आपोआप माणसाळेल. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तिसरा तर पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो. का, ते या लेखात पाहू. परिसर अभ्यासाच्या तासाला प्राण्यांबद्दल बोलताना हा विषय हमखास निघतो, त्यामुळे शिक्षकांनाही याचा उपयोग होईल.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे दुकानात आणि आठवडी बाजारात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, थोडक्यात बजी. हिरवा, निळा किंवा पिवळा, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा, वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षाही हलका. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाडसर चोचीचा. डोक्यावर तुरा आणि गालावर केशरी ठिपका असलेला तो कॉकटील, तोही ऑस्ट्रेलियाचाच. हा लेख या पक्ष्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आपला हिरवा पोपट मात्र यात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. "आमच्या आजीकडे होता की मिठू!" असं वर्गात कोणीतरी म्हणतंच. तेव्हा होता म्हणून आता चालतं असं नाही. ढोलीतून पडलेलं पोपटाचं पिल्लू सापडलं तर त्याला माणसाळवायच्या भानगडीत पडू नये, वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. ज्या पिल्लाला पुन्हा झाडावर जायचंय त्याला माणसाची भीती वाटत राहणं हेच बरं.

एवढी भीती कशाची?

मुलांना मी हा प्रश्न उलटा विचारते. "बजीला कोण कोण खात असेल?" मग फळ्यावर यादी होते: साप, घार, ससाणा, मांजर. "आणि बजी कोणाला खातो?" यावर वर्ग शांत. तो गवताचं बी खातो. म्हणजे तो शिकार करणारा नाही, शिकार होणारा प्राणी आहे. अशा प्राण्याला एकदा जरी सावध राहायला उशीर झाला तरी खेळ खलास. उगाचच दहा वेळा उडालं तर फक्त थोडी दमणूक होते. त्यामुळे उगाच घाबरणारे वाचले आणि त्यांचीच पुढची पिढी झाली. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ते पिंजऱ्यातच जन्मत आले. दुकानातल्या बजीने ससाणा कधी पाहिलेलाही नसतो. तरी डोक्यावरून सावली सरकली की तो दचकतोच.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. मांजराचे, घुबडाचे आणि आपले डोळे पुढच्या बाजूला. आता विचार करा, आपण "किती गोड गं!" म्हणत पिंजऱ्याला नाक लावून एकटक बघतो, तेव्हा त्याला काय दिसत असेल? आणि वरून, पिंजऱ्याच्या छपराच्या दारातून, आत येणारा हात? तो तर झडप घालणारा पंजाच.

त्यात या पक्ष्याचा आजवरचा अनुभव बघा. ज्याने पाळला त्याने पकडून विकला. दुकानदाराने जाळीत हात घालून, सगळ्या थव्याला घाबरवत, नेमका "तो निळा" पकडला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला. मग खोकं स्कूटरवरून घरी. त्याच्या लेखी हाताचा एकच अर्थ झाला: पकड. डी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात पावलॉवचा कुत्रा आपण सगळ्यांनीच लिहिलाय. घंटा वाजली की लाळ. इथे घंटेच्या जागी हात आणि लाळेच्या जागी छातीतली धडधड, एवढाच फरक.

गप्प बसला म्हणजे माणसाळला?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुठीत धरायचा सल्ला देणारे खोटं बोलत नसतात. रोज मुठीत धरलं तर चार-आठ दिवसांत पक्षी धडपडायचा थांबतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. पण तो का थांबतो? १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. कुत्र्यांना विजेचे झटके दिले, जे त्यांना काहीही केलं तरी टाळता येत नव्हते. पुढे त्याच कुत्र्यांना अशा ठिकाणी ठेवलं जिथे नुसती उडी मारली की झटका टळत होता. बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही. जागच्या जागी पडून सोसत राहिले. (असे प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे प्राणी शिकतो, आणि मग काहीच करत नाही. मुठीतला शांत पक्षी बहुतेक वेळा असा असतो. त्याची भीती गेलेली नसते, फक्त दिसायची थांबलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हीच अडचण आहे. पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात रडणारं मूल एकदम गप्प झालं की आपणही "रुळलं हो" म्हणून मोकळे होतो. ते खरंच रुळलंय का, हे डबा खाताना आणि शेजारच्याशी बोलताना कळतं. पक्ष्याचंही तसंच.

मुठीचा दुसरा धोका थेट शरीराचा आहे. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं. पक्ष्यांना तसं श्वासपटल नसतं. छातीचं हाड आणि बरगड्या पुढे-मागे हलल्या तरच त्यांच्या शरीरात हवा आत-बाहेर होते. छातीभोवती घट्ट मूठ आवळली की त्याचं नाक उघडं असूनही श्वास बंद होतो. लहान मुलाला "घट्ट धर, उडून जाईल" असं सांगून हातात पक्षी देणं किती धोक्याचं आहे, हे यावरून लक्षात येईल.

मग खरी भीती आणि खरा निवांतपणा ओळखायचा कसा? घाबरलेला बजी पिसं अंगाला चिकटवून एकदम सडपातळ, उंच दिसतो, ताठ होतो, आपल्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जातो. फार घाबरला तर चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून सुटे धरतो. कॉकटीलचा तुरा म्हणजे तर त्याच्या मनाचा फलकच: एकदम ताठ उभा असेल तर सावध किंवा दचकलेला, डोक्याला चप्प चिकटलेला असेल तर घाबरलेला किंवा चिडलेला, मध्येच सैल असेल तर मजेत. निवांत पक्षी एका पायावर उभा राहतो, पिसं साफ करतो, एका बाजूचा पंख आणि पाय लांब ताणून आळस देतो, झोप यायला लागली की चोचीचा बारीक करकर आवाज करतो. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे खाणं. तुमच्यासमोर जो पक्षी खातोय त्याला त्या अंतरावर तुमची फारशी भीती नाही. घाबरलेला प्राणी सहसा खात नाही. पुढचं सगळं या एका खुणेवर उभं आहे.

इथे एक सूचना. दिवसभर पिसं फुगवून बसलेला, पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली करणारा पक्षी शांत झालेला नसतो, आजारी असतो. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. अशा वेळी माणसाळवणं वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेले पशुवैद्य गाठावेत.

पिंजरा कुठे ठेवायचा

पिंजऱ्याची एक बाजू तरी भिंतीला लागलेली असावी, म्हणजे त्याला पाठ राखायला जागा मिळते. चारी बाजूंनी उघडा, खोलीच्या मधोमध टांगलेला पिंजरा दिसायला छान, पण आतल्याला चैन पडत नाही. उंची आपल्या छाती-डोळ्यांच्या दरम्यान. जमिनीवर ठेवला तर सगळं जग त्याच्या डोक्यावरून फिरतं. दाराच्या अगदी मागे नको, टीव्हीशेजारी नको, कावळे आणि मांजर येतात त्या गॅलरीत एकटा तर मुळीच नको.

स्वयंपाकघरात तर नकोच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून जो वायू निघतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण त्याने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही लांबच ठेवावा.

रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. आपल्याकडे हॉलमध्ये साडेअकरापर्यंत मालिका चालतात, तिथे हे अवघडच आहे. मग संध्याकाळी पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन वर सुती कापड टाकावे. झोप न झालेला पक्षी दिवसा जास्त दचकतो. कॉकटील रात्री अंधारात अचानक घाबरून धडपडतात, त्यांच्यासाठी मंद दिवा चालू ठेवलेला बरा.

पीटर आणि ससा

आता मुख्य पद्धत. ती समजायला शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट फार उपयोगी आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्याकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, तो सशाला प्रचंड घाबरायचा. पांढरा उंदीर, केसाळ कोट, कापूस, अगदी पिसांनाही. जोन्सबाईंनी त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला, इतका लांब की त्याच्या खाण्यात अडथळा येऊ नये. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मग आणखी थोडा. पुढे पुढे पीटर सशाला कुरवाळू लागला, त्याला आपली बोटं चाटू-कुरतडू देऊ लागला. हे सगळं त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी एक इशारा देऊन ठेवलाय, तो मला फार मोलाचा वाटतो: घाई करून ससा फार जवळ आणला तर उलटच होईल, मुलाला खाऊचीच भीती बसेल.

आपल्या बाबतीत पीटरच्या जागी बजी आणि सशाच्या जागी आपण. घरातल्या मुलांना ही अदलाबदल समजली की निम्मं काम झालं, कारण मग ती स्वतःकडे "आपण एवढे मोठे, भीतीदायक आहोत" या नजरेने बघायला लागतात.

पक्षी घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस काहीच करायचं नाही. दाणा-पाणी बदलायचं, हळू हालचाल करायची, आणि जाण्याआधी आवाज द्यायचा. काही घरांत "शू! आवाज नको" म्हणून सगळे चिडीचूप होतात, त्याची गरज नाही. थव्यात बारीक किलबिल चालू असते तोवर सगळं ठीक असतं. सगळे अचानक गप्प झाले म्हणजे कोणीतरी ससाणा पाहिला. घरातलं साधं बोलणं, पुस्तक मोठ्याने वाचणं, गुणगुणणं हे पक्ष्याला आधार देतं. मुलांनी पिंजऱ्यापासून थोडं लांब, पक्ष्याकडे कड करून बसावं आणि रोजचं प्रकट वाचन तिथेच करावं. वाचनाचा सरावही होतो!

मग खाऊ. बजीसाठी सगळ्यात भारी खाऊ म्हणजे राळ्याचं कणीस. राळे आपल्याकडचंच जुनं धान्य. पक्ष्यांच्या दुकानात ते कांग किंवा कंगनी म्हणून मिळतं. कणीस मिळालं तर उत्तम. रोजचा दाणा भांड्यात नेहमीसारखा भरपूर असू द्यावा, पण हे कणीस मात्र फक्त तुमच्याकडूनच मिळावं. उपाशी ठेवण्याचा सल्ला इथे कामाचा नाही. एवढासा जीव दिवसभर थोडं थोडं खात असतो, त्याच्या अंगात साठा फारसा नसतो. एक दिवसाची उपासमारही त्याला झेपत नाही. शिवाय भुकेने हातावर आलेला पक्षी भुकेसाठी आलेला असतो.

सुरुवातीला कणसाचा छोटा तुकडा जाळीत अडकवायचा आणि निघून जायचं. हे निघून जाणं फार महत्त्वाचं आहे. घाबरलेल्या पक्ष्याला खाऊपेक्षाही मोठं बक्षीस म्हणजे आपलं लांब होणं. तो शांत असताना आपण मागे सरकलो तर तो शिकतो, "मी शांत राहिलो तरी हा प्राणी जातो. धडपडायची गरज नाही." तो धडपडायला लागल्यावर मागे सरकलो तर तो धडपडायलाच शिकतो. म्हणून एक-एक पाऊल पुढे जायचं, तो ताठ व्हायच्या आधीच थांबायचं, दोन क्षण उभं राहायचं आणि परत यायचं. तो खाता खाता थांबला, मान वर करून बघायला लागला, की समजायचं आपण एक पाऊल जास्त गेलो. पुढच्या वेळी त्याच्या अलीकडे थांबायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. रविवारी दोन तास बसून आठवड्याचा अभ्यास भरून काढता येत नाही, हे मुलांना निराळं सांगायला नको.

जाळीबाहेरून धरलेल्या कणसाचे दाणे तो बिनधास्त खायला लागला, की मग दार उघडायचं. दार पुढचं, वरचं नाही. हात आत घालायचा नाही, नुसता दारात ठेवायचा, खालच्या पातळीवर. हातात लांब कणीस धरायचं, म्हणजे त्याचं तोंड आणि आपली बोटं यांत वीतभर अंतर राहतं. दिवसागणिक कणीस आखूड होत जातं आणि तो आपोआप बोटांजवळ येतो. एक वेळ अशी येते की कणसापर्यंत पोहोचायला त्याला हातावर एक पाय ठेवावाच लागतो. तो ठेवतो, चटकन काढतो, पुन्हा ठेवतो. या वेळी हात वर उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो. उचलू नका! त्याला पाय ठेवून बघू द्या, काढून घेऊ द्या. आपण हवं तेव्हा उतरू शकतो, हे त्याला कळलं की तो जास्त वेळ थांबतो. पंख कापण्याचा सल्ला याच कारणाने चुकीचा आहे. कापलेली पिसं पुढच्या पीसगळीत पुन्हा येतात हे खरं, पण तोवर त्याची पळायची वाट बंद होते, आणि जाता येत नाही म्हणून थांबलेला पक्षी आणि जाता येत असूनही थांबलेला पक्षी यांत फार अंतर आहे.

दोन्ही पाय ठेवून तो निवांत खातोय असं चार-पाच दिवस झालं, की कणसाशिवाय नुसतं आडवं बोट त्याच्या पायांजवळ, पोटाच्या खालच्या बाजूला न्यायचं आणि "ये" किंवा ठरलेला कोणताही एक शब्द म्हणायचा. चढला की लगेच खाऊ. नाही चढला तर बोट बाजूला, राग नाही, ढकलणं नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजी "ये ये बाळा", दादा "कम कम" आणि बाबा नुसती शिट्टी, असं झालं तर तो गोंधळतो.

चावला तर? बजी चावला तर चिमटा बसल्यासारखं होतं, कॉकटील जरा जोरात. ओरडू नये, हात झटकू नये, चोचीवर टिचकी तर कधीच मारू नये. हात स्थिर ठेवावा आणि मग सावकाश काढून घ्यावा. चावण्याआधी त्याने बहुतेक वेळा सांगितलेलं असतं: मागे झुकला, ताठ झाला, चोच उघडली. आपण ते वाचलं नाही म्हणून त्याला चावावं लागलं. जाड हातमोजे घालून हाताळण्याने चावा वाचतो, पण पक्षी हातमोज्याला आणि मागोमाग हातालाही आणखी घाबरतो.

किती दिवस लागतील, असं पालक विचारतात. हाताने भरवून वाढवलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत खांद्यावर बसतं, तर मोठा झालेला, दुकानात वर्षभर राहिलेला पक्षी दोन-तीन महिने घेऊ शकतो. जोडी असेल तर अजून वेळ लागतो, कारण त्यांना एकमेकांची सोबत पुरते. म्हणून कोणी एकटाच पक्षी आणायला सांगतात. घरात दिवसभर माणूस असेल तर ठीक. पण सगळे सकाळी नऊला कुलूप लावून जाणार असतील तर थव्यात राहणाऱ्या जीवाला एकटं ठेवणं मला पटत नाही. आणि जोडीचा एक फायदाही आहे. त्यातला धीट आधी हातावर येतो आणि भित्रा ते बघत असतो. पीटरच्या बाबतीतही सुरुवातीला जोन्सबाईंनी सशाला न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत खेळायला ठेवली होती.

एक छोटा उपक्रम सुचवते. चौथी-पाचवीच्या मुलांनी एका वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: तारीख, आपण किती पावलांवर बसलो, पक्ष्याने खाल्लं का, तो कधी थांबला. "घाबरला", "रागावला" असे शब्द लिहायचे नाहीत. जे डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. "पिसं चिकटवली, उजव्या कोपऱ्यात गेला" असं. निरीक्षण आणि अंदाज यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच नोंदींचा स्तंभालेख काढता येतो.

पिंजऱ्याबाहेर, आणि मागे गेलेली गाडी

हातावर यायला लागला की बाहेर काढायची घाई होते. त्याआधी वर बघा. आपल्या घरातला सगळ्यात मोठा धोका छताचा पंखा आहे. नुसता बंद करून भागत नाही, कोणीतरी सवयीने बटण दाबतंच; म्हणून बटणावर चिकटपट्टी लावावी. खिडक्या बंद, काचेवर पडदा, आरसा झाकलेला, पाण्याच्या बादलीवर झाकण, दार लावलेलं, मांजर बाहेर. त्याला पकडून बाहेर काढायचं नाही आणि पकडून आतही टाकायचं नाही. दार उघडं ठेवून आत आवडता खाऊ ठेवला तर तो आपणहून परत जातो. पाठलाग करून, टॉवेल टाकून आत कोंबला तर महिनाभराची मेहनत एका संध्याकाळी जाते.

आणि काही वेळा काहीच चूक नसतानाही जाते. पिसं गळायच्या काळात पक्षी चिडचिडा होतो, स्पर्श नको म्हणतो. घरी पाहुणे आले, भिंतीचा रंग बदलला, कोणी लाल टोपी घालून समोर आलं, एवढंही पुरतं. दिवाळीचे चार दिवस तर विचारूच नका. त्या दिवसांत पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत न्यावा, खिडक्या लावाव्यात, तीन बाजूंनी कापड टाकावे, जवळ बोलत बसावे आणि नवीन काही शिकवायला जाऊ नये. पीटरचंही असंच झालं होतं. बरीच प्रगती झाल्यावर तो आजारी पडला, दवाखान्यातून घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. त्यानंतरच जोन्सबाईंनी खाऊची पद्धत सुरू केली होती.

कधी कधी पक्ष्याला पकडावंच लागतं. औषध द्यायचं असतं, नख अडकलेलं असतं, डॉक्टरांकडे न्यायचं असतं. तेव्हा खोलीत अंधार करून, मऊ रुमालाने, छातीवर दाब न देता, मान बोटांच्या मध्ये सैल धरून झटपट काम उरकावे. शक्यतो रोज खाऊ देणाऱ्या मुलाने हे काम करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे. दुसऱ्या दिवशी हात दारात न नेता पुन्हा जाळीबाहेरूनच कणीस द्यायचं, आणि तो खातोय का ते बघायचं.